मागून ऐकलेलं गाणं



दर वेळी मी या रेडिओवर येते आणि कर्जफेड, बँकेचं खातं, गटाचं दप्तर यांच्याबद्दल काहीतरी सांगते. आज त्यातलं काही सांगणार नाही. आज मी माझ्या आवडीच्या गाण्यांबद्दल आणि ऐकलेल्या गाण्याच्या कार्यक्रमांबद्दल बोलणार आहे. इथल्या ताईंनी मला आधीच विचारलं, "तुमची आवड कोणती? भजन, भावगीत की सिनेमाची गाणी?" मी म्हटलं, "रॉक." त्या हसल्या. तुम्हीही हसा. पण काम करता करता जरा ऐका, मग सांगते.

२०२५ सालची २६ जानेवारी. रविवार होता. सकाळी झेंडावंदन, त्यानंतर ग्रामसभा, मग एका गटाची बैठक, असं सगळं करून मी संध्याकाळी घरी आले. पुण्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या सुट्टीला आला होता. त्यानं डाळीच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि सगळं घर समोर बसलेलं. अहमदाबादच्या स्टेडियममध्ये कोल्डप्ले नावाच्या इंग्लंडच्या बँडचा कार्यक्रम चालू होता आणि तो मोबाईलवर थेट दिसत होता. लाखाच्या वर माणूस. प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा, आणि गाण्यासोबत ते सगळे पट्टे एकदम लाल व्हायचे, एकदम निळे व्हायचे. लोक ओरडत होते, उड्या मारत होते.

सासूबाई म्हणाल्या, "एवढे लोक काहून वरडून राहिले रे? काई झालं का?"

पुतण्या म्हणाला, "आज्जी, आनंद झाला."

सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नुसतं आनंद व्हायले गेले व्हय एवढ्या दूर?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आपण यात्रेला जातो तर नवस असतो. लग्नाला जातो तर नातं असतं. प्रशिक्षणाला जातो तर हजेरी असते. नुसतं गाणं ऐकायला, दुसरं काही काम नसताना, आपल्यातली कोण कधी घराबाहेर पडली?

त्याच रात्री पुतण्या म्हणाला, "काकू, हे थंड रॉक आहे. तुला खरं दाखवतो." आणि त्यानं एक जुना काळा-पांढरा व्हिडिओ लावला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. साल १९६४. एका फलाटावर तरुण पोरंपोरी बसलेली, समोरच्या फलाटावर गाणारे, आणि मधे रूळ. पावसाळी हवा. घोडागाडीतून एक काळी बाई उतरते. पन्नाशीला टेकलेली, अंगात चांगला जाड कोट, पायात उंच टाचेच्या चपला. गळ्यात गिटार अडकवते आणि पावसाचंच गाणं सुरू करते. मधेच गाणं थांबवून ती गिटार अशी वाजवते की मी सरळ होऊन बसले. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प.

बायांनो, ही बाई कुठं जन्मली सांगू? अमेरिकेत आर्कान्सॉ नावाचं राज्य आहे. तिथं १९१५ साली, कॉटन प्लांट नावाच्या गावात. कॉटन प्लांट म्हणजे आपली पऱ्हाटी! गावाचं नावच पऱ्हाटी. तिचे आईबाप कापूस वेचणारे. हे ऐकलं आणि मला ती बाई एकदम जवळची वाटली. आपल्याकडे आता सोयाबीन फार वाढलं, पण वेचणीला ओटा बांधून गेलेल्या कितीतरी जणी आत्ता हे ऐकत असतील. बोंडाच्या काट्यांनी बोटं कशी फाटतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता रॉक म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. अमेरिकेत कापसाच्या शेतात काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवत. १८६५ साली गुलामी कायद्यानं गेली, पण कापूस आणि गरिबी राहिली. ते लोक काम करताना गात. एक जण ओळ टाकणार, बाकीचे ती उचलणार. निंदणीला आपल्याकडे म्हाताऱ्या बाया करायच्या तसंच. त्या शेतातल्या गाण्यांतून आणि त्यांच्या प्रार्थनेच्या गाण्यांतून पुढे ब्लूज नावाचं दुःखाचं गाणं आलं, आणि त्याला जोराचा ठेका लागला तेव्हा रॉक आलं. त्यात मुख्य वाद्य विजेची गिटार. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, ती वायरीतून यंत्रात जाऊन मोठी होते आणि भोंग्यातून आवाज होऊन बाहेर पडते. म्हणून एका बाईची बोटं हजारो माणसांना ऐकू येतात.

रोझेटाची आई स्वतः गायची आणि देवाधर्माचं सांगत गावोगाव हिंडायची. पोर लहानपणापासून आईसोबत गिटार घेऊन उभी. पुढे ती देवाची गाणी विजेच्या गिटारवर वाजवू लागली, रात्रीच्या नाचगाण्याच्या ठिकाणीही गाऊ लागली. मग लोकांनी नावं ठेवली. प्रार्थनेला येणारे म्हणायचे, देवाचं गाणं तिथं कशाला? आणि बाईमाणसानं अशी गिटार वाजवावी का? तिनं वाजवणं सोडलं नाही. एल्विस प्रेस्ली, जॉनी कॅश अशा पुढच्या बड्या गायकांनी तिचं ऐकून घेतलं. पण ती १९७३ साली वारली तेव्हापासून पस्तीसेक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा साधा दगडही नव्हता. रॉकच्या मानाच्या यादीत तिचं नाव २०१८ साली आलं. तर बायांनो, मी जिची चाहती आहे, ती ही बाई. मला तिचे शब्द सगळे कळत नाहीत. बीए मराठी घेऊन केलं, इंग्रजी जेमतेम. पण ठेका कळतो.

ठेका कळतो, कारण तो लहानपणापासून कानावर पडलेला आहे. माझा पहिला रॉकचा कार्यक्रम म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानावर सत्यपाल महाराजांचं कीर्तन. अकोला जिल्ह्यातले हे महाराज. समोर सात खंजेऱ्या मांडतात आणि एकटे सातही वाजवतात. मी सातवी-आठवीत असेन. हुंडा, दारू, बुवाबाजी यांच्यावर बोलता बोलता हात असे फिरायचे की बोलणं कुठं संपतं आणि खंजेरी कुठं सुरू होते ते कळायचं नाही. आपल्या वऱ्हाडाला खंजेरीचं वेड लावलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. हातात एक खंजेरी घेऊन ते गावोगाव फिरले, १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही भजन सोबत होतंच. पुतण्यानं मला रॉकमधला ड्रम दाखवला, एक माणूस पाच-सहा ढोल घेऊन बसतो. मी म्हटलं, अरे, हे आम्ही शाळेच्या मैदानावर पाहिलं आहे.

दुसरा कार्यक्रम आमच्या वस्तीतला. भीमजयंतीची रात्र. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून मंच केलेला, दोन गायन पार्ट्या, एक बाईची आणि एक माणसाची, आणि रात्रभर सवाल-जवाब. कुणी शंभराची नोट दिली की गायक गाणं थांबवून नाव घ्यायचा. माझ्या बाबांकडे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची.

वामनदादांची एक गोष्ट मी गटात नेहमी सांगते. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ देशवंडी गाव, तिथले ते. जन्म १९२२ चा. मुंबईत मजुरी करताना एका माणसानं त्यांच्यापुढे पत्र धरलं, "एवढं वाचून दाखवा." त्यांना वाचता येईना. त्याची इतकी लाज वाटली की मोठ्या वयात अक्षरं शिकले. आणि मग त्याच माणसानं हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव गायली. माझ्या आजीला सही येत नव्हती. पण महाडच्या तळ्याचा सत्याग्रह, नागपूरची १९५६ ची दीक्षा, रमाईनं काढलेले उपासाचे दिवस, हे सगळं तिला क्रमानं माहीत होतं. पुस्तकातून नाही, गाण्यातून. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठलाची गाणी गाणारा आणि भीमाची गाणी गाणारा तो एकच आवाज. मी पंधरा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात बाबांनी कॅसेटी इतक्या वाजवल्या की एक फीत तुटलीच.

पण आता खरं सांगते. त्या जयंतीच्या रात्री मी कधीच पूर्ण ऐकल्या नाहीत. बायांची जागा सगळ्यात मागं, खुर्च्यांच्याही मागं. मांडीवर लेकरं. दहा वाजले की लेकरू रडतं, म्हातारी म्हणते घरी चल. आणि गाणं तर अकरानंतर रंगायचं.

लग्नानंतरची पहिली जयंती मला चांगली आठवते. गायन पार्टीचं जेवण आमच्या घरी होतं. मंच आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून. मी चुलीपुढं पोळ्या करत होते. आणि भिंतीपलीकडं माझं सगळ्यात आवडीचं गाणं सुरू झालं. मी पिठाच्या हातानं उठले, मागच्या दारापर्यंत गेले. तिथून मला फक्त गाणाऱ्या बाईची पाठ दिसत होती, आणि तिच्या पलीकडं लोकांचे चेहरे. अर्धं कडवं ऐकलं असेल. आतून आवाज आला, "पोळी करपली." मी परत आले. कुणी मला रागावलं नाही, कुणी अडवलं नाही. पण गाणं संपलं तेव्हा मी पोळी उलटत होते. पुढं कितीतरी वर्षं मी सगळे कार्यक्रम असेच ऐकले, मागून.

मग मोबाईल आला, आणि मोबाईलवर कडूबाई खरात आल्या. संभाजीनगरच्या. नवरा वारल्यावर हातात एकतारी घेऊन दारोदार गाणी म्हणत लेकरं वाढवली त्यांनी. कुणीतरी त्यांचं गाणं मोबाईलवर टिपलं आणि ते घरोघर पोचलं. मग मोठमोठ्या मंचांवर बोलावणी आली. त्यांच्या हातात एक तार, रोझेटाच्या गिटारला सहा. दोघींचं गाणं मी एकामागून एक लावते तेव्हा मला त्यात काही फरक वाटत नाही.

त्या २६ जानेवारीनंतर आमच्या गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, आणि मी सासूबाईंचा तो प्रश्न सगळ्यांपुढं ठेवला. एक काकू म्हणाल्या, "मंग आपुनही जाऊ ना वं एखांद्या वेळेस. नुसतं आयकाले." एप्रिलमध्ये तालुक्याच्या गावी जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. पंधरा जणींनी नावं दिली. आमच्या वस्तीतल्या होत्या, कुणब्याच्या दोन काकू होत्या, तांड्यावरच्या तिघी होत्या.

आणि मग अडचण आली. एकजण म्हणाली, "घरी काय सांगाचं? ताई, तुमी सांगा ना, प्रशिक्षण हाय मुक्कामी. प्रशिक्षण म्हटलं की कोनी नाई म्हनत नाई." बायांनो, मी जवळजवळ हो म्हणणार होते. सोपं होतं. माझ्या शब्दावर घरचे विश्वास ठेवतात. पण दोन गोष्टी मनात आल्या. एक, पुढं खरं प्रशिक्षण असेल तेव्हा कोण विश्वास ठेवेल? दुसरी, खोटं सांगून गेलो तर तेही मागच्या दारातून ऐकल्यासारखंच. मी म्हटलं, "गाणं ऐकायला जातो, असंच सांगायचं."

तिघींना घरून नाही म्हणाले. त्या आल्या नाहीत. ते माझ्यामुळे झालं, हे मला ठाऊक आहे, आणि अजून बोचतं. त्यातल्या एकीनं निघताना आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "माह्यासाठी भरून आना."

बारा जणी काळीपिवळीनं गेलो. जाण्यायेण्याचे अठराशे रुपये, माणशी दीडशे. गटाच्या पैशाला हात लावला नाही, ज्याचे त्यानं दिले. आणि आम्ही लवकर पोचलो, कारण पुढं बसायचं होतं. पुढच्या सतरंजीवर, मंचाला लागून बसलो. एक स्वयंसेवक पोरगा म्हणाला, "मावशी, बायांची जागा तिकडं बाजूला हाय." तांड्यावरची बाई म्हणाली, "आमाले इथूनच दिसते बापू." तो हसला आणि गेला.

गाणं सुरू झालं आणि ढोलकीचा, बॉक्सचा दणका सरळ छातीत. मला तेव्हा कळलं की पुढून ऐकणं म्हणजे नुसतं मोठ्यानं ऐकणं नाही. गाणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो. ती श्वास कुठं घेते ते दिसतं. तिनं आमच्याकडे बघितलं, बारा बाया ओळीनं बसलेल्या, आणि रमाईचं गाणं आमच्याकडे तोंड करून म्हटलं. कुणब्याच्या काकू पदर लावून रडत होत्या. त्यांनी ते गाणं आधी कधी ऐकलंच नव्हतं, एकाच गावात राहून. नंतर जोराचं गाणं आलं तेव्हा तांड्यावरच्या तिघी उठल्या आणि होळीला लेंगी म्हणतात तशा गोल धरून नाचू लागल्या. मीही उठले. छत्तीस वर्षांची समन्वयक, हातात दुसरीचा मोबाईल धरून नाचत होते.

रात्री दोनला परतलो. सकाळी सगळ्या जणी हळद शिजवायच्या कामावर हजर. ज्या आल्या नव्हत्या त्यांना तिथंच, कढईच्या धगीपुढं, मोबाईलवरचं गाणं ऐकवलं. आवाज फाटलेला होता, मधे माझंच ओरडणं होतं. तरी तिघींनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यातल्या एकीच्या घरचे पुढच्या वर्षी हो म्हणतो म्हणाले आहेत. बघू.

आता शेवटचं. माझी आई वेचणीला फार गोड गायची. ती गेली त्याला काही वर्षं झाली. तिच्या बीपीच्या गोळ्यांची नावं मला पाठ होती. तिच्यावर किती कर्ज होतं ते माहीत होतं. पण तिचं आवडीचं गाणं कोणतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

म्हणून मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय आवडन? देवाचं कोनतंही." दोन दिवसांनी तुरी पाखडता पाखडता आपणहून म्हणाल्या, "एक हाये." गावाबाहेर जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. आत जायला पैसे नव्हते आणि परवानगीही नव्हती. तंबूच्या कनातीमागं उभं राहून त्यांनी एका सिनेमाचं गाणं ऐकलं होतं, तीन रात्री. पडदा कधी बघितला नाही. आणि सूप खाली ठेवून त्यांनी ते गाणं पूर्ण म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. पन्नास वर्षांनी. पुतण्यानं फोन करून सांगितल्याप्रमाणे मी यूट्यूबवर माईकचं चिन्ह दाबलं, सासूबाईंना त्यात दोन शब्द बोलायला सांगितले, आणि गाणं आलं. चित्रासकट. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अवो माय, अशी दिसत होती व्हय थे."

तर बायांनो, माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या बैठकीत बचत, कर्ज, दप्तर सगळं झालं की दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं आपलं एक गाणं सांगायचं, आणि ते कुठं ऐकलं, कसं ऐकलं, तेही सांगायचं. चांगलं गाता येण्याची अट नाही. आणि गावाजवळ कार्यक्रम असेल तर मिळून जा. गाडी जाण्यायेण्याची आधी ठरवा, परतायची वेळ घरी सांगून ठेवा, पाण्याची बाटली आणि बॅटरी सोबत घ्या. मोठ्या बॉक्सच्या अगदी पुढ्यात मात्र बसू नका, कान महत्त्वाचे आहेत. आणि लवकर जा, म्हणजे पुढं जागा मिळते.

आणि आज घरी जी मोठी बाई असेल, आई, सासू, आजी, तिला तिचं गाणं विचारा. ती पहिल्यांदा "मले काय आवडन" असंच म्हणेल. दोन दिवस थांबा.

येते मी. जय भीम, राम राम, जय सेवालाल!